शाळेचा पैसा आणि घरची माणसे

१९६५ सालच्या एप्रिल महिन्यातील ११ तारीख. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात पेडर्नालिस नावाची एक नदी वाहते. तिच्या परिसरातील एका जुन्या, एकाच खोलीच्या शाळेसमोर त्या रविवारी माणसे जमली होती. शाळा म्हणून त्या इमारतीचा वापर केव्हाच थांबला होता. समोरच्या मोकळ्या जागेत एक साधे मेज मांडले होते. मेजाशी त्या देशाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन बसले होते आणि त्यांच्या शेजारी केट डेडरिक लोनी नावाच्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. चार वर्षांचा लिंडन या शाळेत येऊ लागला, तेव्हा याच बाईंच्या मांडीवर बसून तो आपला धडा वाचून दाखवीत असे. आपल्या पहिल्या शिक्षिकेला मुद्दाम बोलावून घेऊन, तिच्या साक्षीने, जॉन्सन यांनी त्या दिवशी एका कायद्यावर सही केली. ‘प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायदा’ असे त्याचे नाव.

या सहीमागे आणखी एका शाळेची आठवण होती. १९२८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, जॉन्सन यांनी शिक्षण मध्येच थांबवून कोटुला नावाच्या गावी शिक्षकाची नोकरी धरली होती. त्या शाळेत मेक्सिकोहून आलेल्या गरीब मजुरांची मुले शिकत. पुष्कळ मुले सकाळी काही न खाताच शाळेत येत. त्यांना इंग्रजी फारसे येत नसे आणि नव्या मास्तरांना स्पॅनिश येत नसे. पहिल्या पगारातून या तरुण मास्तरांनी मुलांसाठी खेळाचे साहित्य विकत आणले. पण एका मास्तराच्या पगारातून किती चेंडू येणार? ही मुले पुढे सदतीस वर्षे जॉन्सन यांच्या मनातून गेली नाहीत. अध्यक्ष झाल्यावर देशाच्या प्रतिनिधींसमोर भाषण करतानाही त्यांनी त्यांचा उल्लेख केला.

परंतु शाळेला पैसा पुरविण्यासाठी देशाच्या अध्यक्षाला कायदा का करावा लागावा? हे समजण्यासाठी अमेरिकेतील शाळांचा संसार कसा चालतो ते पाहिले पाहिजे.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख कोठेच नाही. जे काम घटनेने मध्यवर्ती सरकारकडे सोपविलेले नाही ते राज्यांचे, असा तेथील नियम असल्यामुळे शाळा राज्यांच्या वाट्याला आल्या. राज्यांनी बहुतेक ठिकाणी त्या स्थानिक शाळा मंडळांकडे दिल्या. या मंडळांच्या उत्पन्नाचे जुने आणि मोठे साधन म्हणजे घरपट्टी. घराची आणि जमिनीची किंमत ठरवायची, तिच्यावर शेकडा काही कर बसवायचा आणि त्या पैशातून शिक्षकांचे पगार, पुस्तके, इमारती यांचा खर्च भागवायचा, अशी ही रीत. प्रथमदर्शनी ती अगदी न्याय्य वाटते. आपल्या गावाची शाळा आपल्या गावाने चालवावी, यात वावगे काय? वावगे आहे ते असे, की ज्या वस्तीत मोठमोठी घरे आहेत तेथे थोड्या कराने मोठी रक्कम उभी राहते, आणि ज्या वस्तीत मोडकी घरे आहेत तेथे लोकांनी कंबर मोडेपर्यंत कर दिला तरी शाळेच्या हाती चिल्लरच पडते.

टेक्सासमधीलच सॅन अँटोनियो शहरात याचा लख्ख नमुना पाहावयास मिळत असे. १९६७-६८ या शालेय वर्षाचे आकडे पुढे न्यायालयासमोर आले, म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहेत. या शहरात एजवुड आणि अलामो हाइट्स अशी दोन शाळा मंडळे होती. एजवुडमध्ये सुमारे बावीस हजार मुले शिकत. त्यांपैकी दहांत नऊ मुले मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांतील होती. अलामो हाइट्स हे सधन लोकांचे उपनगर. तेथे पाच हजार मुले होती. एजवुडच्या लोकांनी आपल्या मालमत्तेवर दर शंभर डॉलरांमागे १ डॉलर ५ सेंट इतकी पट्टी बसवून घेतली होती. त्या परिसरातील तो सर्वांत चढा दर होता. अलामो हाइट्समध्ये दर होता अवघा ८५ सेंट. असे असूनही एजवुडच्या शाळांना घरपट्टीतून एका मुलामागे २६ डॉलर मिळत आणि अलामो हाइट्सच्या शाळांना ३३३ डॉलर मिळत. जास्त भार उचलणाऱ्याच्या पदरी कमी पडावे, असे हे विपरीत गणित होते.

राज्य सरकार दोघांनाही मदत करी. पण एजवुडला मुलामागे २२२ डॉलर आणि अलामो हाइट्सला २२५ डॉलर, म्हणजे जवळजवळ सारखीच. त्या मदतीने दरी बुजण्यासारखी नव्हती. मध्यवर्ती सरकारचा पैसा मात्र उलट्या दिशेने वाहत असे. त्यातून एजवुडला मुलामागे १०८ डॉलर मिळत आणि अलामो हाइट्सला ३६ डॉलर. या पैशाचा एक भाग जॉन्सन यांच्या कायद्यातून आलेला होता. त्या कायद्याचे पहिले प्रकरणच असे होते, की ज्या शाळांत गरीब घरांतील मुले अधिक, त्या शाळांना अधिक पैसा द्यावा. सर्व मिळून एजवुडच्या वाट्याला ३५६ डॉलर आले, अलामो हाइट्सच्या वाट्याला ५९४. दरी राहिलीच, पण मध्यवर्ती पैसा नसता तर ती किती खोल झाली असती, हे वजाबाकी करून कोणालाही काढता येईल.

या आकड्यांना तोंड फुटले ते आईबापांमुळे. डिमेट्रिओ रॉड्रिगेझ हे विमानदलाच्या तळावर पत्राकाम करणारे कामगार होते. त्यांची मुले एजवुडच्या मोडकळीस आलेल्या शाळेत शिकत होती. १९६८ साली ते आणि इतर काही पालक न्यायालयात गेले. मुलाची पाटी कोणत्या वस्तीत आहे यावर त्याचे शिक्षण ठरू नये, एवढेच त्यांचे मागणे होते. खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १९७३ साली तेथे पालक हरले. नऊ न्यायाधीशांपैकी पाचजण विरुद्ध गेले आणि चारजण बाजूने. एका मताने त्या मुलांचे पारडे हलके ठरले. एजवुडने मात्र हा लढा पुढे राज्याच्या न्यायालयात नेला आणि १९८९ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पैसे वाटण्याची रीत राज्याच्या घटनेत बसत नाही असा निर्णय दिला. तोवर १९६८ साली बाकावर बसणारी मुले स्वतः आईबाप होण्याच्या वयाची झाली होती.

आता पुन्हा मध्यवर्ती पैशाकडे वळू. पहिल्याच वर्षी या कामासाठी सुमारे शंभर कोटी डॉलर मिळाले. एवढा पैसा वाटला जाऊ लागला, की तो ठरल्या जागी पोहोचतो की नाही हे पाहणारा कोणीतरी हवा. कायद्याची चर्चा चालू असतानाच न्यूयॉर्कचे प्रतिनिधी रॉबर्ट केनेडी यांनी ही शंका काढली होती. ज्या शाळांनी आजवर गरीब मुलांकडे लक्ष दिले नाही, त्यांच्याच हाती पैसा दिल्याने त्या सुधारतील कशावरून, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मुले काय शिकली याचे अहवाल निघाले पाहिजेत, म्हणजे आईबापांच्या हाती काही साधन येईल, असा आग्रह त्यांनी धरला.

शंका खरी ठरली. १९६९ साली रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्ल्यूर या दोन बाईंनी ठिकठिकाणचे हिशेब तपासून एक अहवाल प्रसिद्ध केला. गरीब मुलांसाठी आलेला पैसा पुष्कळ ठिकाणी सर्वसाधारण खर्चात मिसळून टाकला होता. काही मंडळांनी आपल्या पदरचा खर्च कमी करून त्या जागी मध्यवर्ती पैसा वापरला होता. म्हणजे गरिबाच्या ताटात वाढलेली भाकरी दाखवायची आणि आधीची काढून घ्यायची, असा प्रकार. कोठे तर या पैशातून उचलून नेता येण्याजोगे पोहण्याचे हौद खरेदी झाले होते! मध्यवर्ती पैसा हा आधीच्या पैशात भर घालण्यासाठी आहे, त्याच्या बदली नाही, हा नियम त्यानंतर कडक करण्यात आला. अहवालातील दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी होती. ज्यांच्या मुलांच्या नावाने पैसा येत होता, त्या आईबापांना तो कोठे आणि कसा खर्च करावा हे ठरविण्यात स्थानच नव्हते. अनेकांना असा पैसा येतो हेदेखील माहीत नव्हते.

म्हणून १९७४ साली कायद्यात नवे कलम आले. ज्या शाळेला हा पैसा मिळतो तेथे पालकांचे सल्लागार मंडळ नेमलेच पाहिजे आणि त्यात त्याच मुलांचे आईबाप बहुसंख्य असले पाहिजेत, असे ठरले. १९७८ साली या मंडळांना अधिक बळ मिळाले. हॉटेलात भांडी घासणारी आई आणि कारखान्यात राबणारा बाप हिशेबाचे कागद समोर घेऊन शाळेच्या अधिकाऱ्यांसह बसू लागले. अधिकाऱ्यांना हे सर्वत्र रुचले असेल असे समजण्याचे कारण नाही. शाळा चालविणाऱ्याला आपल्या कारभारात बाहेरचा माणूस नको वाटतो. आणि पालक हा बाहेरचा माणूस नव्हे, हे उमगायला पुष्कळांना सारी नोकरी पुरत नाही. १९८१ साली वारे फिरले. नियम फार झाले, ते कमी करावेत, या विचाराने नवा कायदा झाला आणि मंडळे नेमण्याची सक्ती उठली. पालकांशी विचारविनिमय करावा, एवढेच मोघम शब्द उरले. सक्ती जाताच अनेक ठिकाणची मंडळेही गेली.

१९८८ साली पालकांचा सहभाग पुन्हा कायद्यात ठळकपणे आला आणि १९९४ साली त्याला पैशाची जोड मिळाली. ज्या शाळा मंडळाला या योजनेतून पाच लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळते, त्याने तिच्यातील किमान शेकडा एक भाग केवळ पालकांना शाळेशी जोडण्याच्या कामासाठी बाजूला काढावा, असा नियम झाला. २०१५ सालच्या कायद्याने तो पुढे चालू ठेवला. समजा, एखाद्या मंडळाला दहा लाख डॉलर मिळाले. त्यातील दहा हजार या कामाचे. आणि त्यांपैकी शेकडा नव्वद, म्हणजे नऊ हजार, प्रत्यक्ष शाळांकडे गेले पाहिजेत, वरच्या कचेरीत राहता कामा नयेत. ही रक्कम कशी खर्चावी हे ठरवितानाही पालकांचे मत घ्यावे लागते. शाळा आणि पालक यांनी एक लेखी करार करावयाचा असतो. शाळा काय करील, घरची माणसे काय करतील आणि मूल स्वतः काय करील, हे त्यात लिहिलेले असते. वर्षातून एकदा तरी सभा बोलावून पैशाचा आणि पालकांच्या हक्कांचा खुलासा करावा लागतो.

कायद्यात सभा लिहिली म्हणजे माणसे येतात असे नाही. खोलीत खुर्च्या मांडलेल्या, फळ्यावर सुवाच्य अक्षरात विषय लिहिलेला आणि समोर तीनचार डोकी, हे दृश्य कोणत्या देशातील शाळेने पाहिलेले नाही? मग शिक्षक म्हणतात, या लोकांना मुलांची पर्वाच नाही. हा निष्कर्ष फार घाईचा असतो. जेम्स कोमर यांना हे लहानपणीच कळले होते.

कोमर यांचे बालपण इंडियाना राज्यातील ईस्ट शिकागो या गावी गेले. वडील पोलादाच्या कारखान्यात कामगार होते. आई मॅगी लोकांच्या घरी काम करी. तिला स्वतःला शाळा जवळजवळ लाभलीच नव्हती. पण मुलांच्या शाळेत ती निःसंकोचपणे जात असे. जेम्सच्या वर्गात एकदा वाचनालयातील पुस्तके वाचण्याची चढाओढ लागली. जेम्सने पुष्कळ पुस्तके वाचली. वर्गातील त्याच्यासारखीच कृष्णवर्णीय अशी तीन मुले मात्र वाचनालयात गेलीच नाहीत. शिक्षिका त्यांच्यावर चिडल्या आणि जिव्हारी लागेल असे बोलल्या. मोठेपणी कोमर यांना त्याचा उलगडा झाला. त्या मुलांचे आईबाप दक्षिणेकडील खेड्यांतून आले होते. गोऱ्या लोकांच्या संस्थेत पाऊल टाकायचे म्हणजे अपमान पदरी घ्यायचा, असे आयुष्याने त्यांना शिकविले होते. वाचनालयाचा दरवाजा त्यांना भीतीचा दरवाजा वाटे. शिक्षिकेने जिला बेपर्वाई म्हटले ती भीती होती. मॅगी कोमर हिच्या पाच मुलांनी पुढे मिळून महाविद्यालयाच्या तेरा पदव्या मिळविल्या. त्या तीन मुलांची बुद्धी कमी नव्हती. पण त्यांच्या आयुष्याची घडी विस्कटली.

कोमर पुढे मनोविकारांचे वैद्य झाले आणि येल विद्यापीठात काम करू लागले. १९६८ साली त्यांनी न्यू हेवन शहरातील दोन शाळा हाती घेतल्या. गुणांच्या बाबतीत त्या शहराच्या शाळांत अगदी तळाला होत्या. तेथे एकदा एक आठ वर्षांचा मुलगा नव्याने दाखल झाला. तो नॉर्थ कॅरोलायना राज्यातील खेड्यातून आला होता. त्याला सरळ एका अनोळखी वर्गात नेऊन बसविले. तो घाबरला, शिक्षिकेला लाथ मारून पळाला. अन्य कोठे त्याला शिक्षा झाली असती. येथे शिक्षक आणि कोमर यांचे सहकारी एकत्र बसले आणि त्यांनी एकमेकांस प्रश्न विचारला : आपले गाव, आपली माणसे सोडून एकाएकी परक्यांत येऊन पडलेल्या आठ वर्षांच्या मुलाला काय वाटत असेल? त्यानंतर नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाचे स्वागत कसे करावे, त्याला वर्ग कसा दाखवावा, याची रीतच तेथे घालून देण्यात आली.

कोमर यांनी पालकांना तीन ठिकाणी बोलावले : शाळेचा कारभार ठरविणाऱ्या मंडळात, वर्गात शिक्षकांच्या मदतीला आणि शाळेच्या उत्सवांत. मंडळाचा एक नियम होता. कोणी कोणाला दोष द्यायचा नाही. काय करता येईल तेवढे बोलायचे. पालक कशाने येतात, याचे उत्तर पुष्कळदा उत्सवात सापडले. मुलाची तक्रार ऐकण्यासाठी येताना आईचे पाय जड होतात; मुलाचे नाटक पाहण्यासाठी येताना ते जड होत नाहीत. एकदा आलेली माणसे पुन्हा येऊ लागली. या कामात मध्यवर्ती सरकारचा तोच पैसा उपयोगी पडला. वस्तीची गरिबी हटली नव्हती, तरी १९८४ सालापर्यंत त्या शाळांतील मुले शहरात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. याला सोळा वर्षे लागली, हेही विसरू नये.

माणसे शाळेत येत नसतील, तर शाळेने त्यांच्याकडे जावे, हा दुसरा मार्ग. कॅलिफोर्निया राज्यातील सॅक्रामेंटो शहरात पालकांनीच तो शोधून काढला. शाळा आणि वस्ती यांच्यात वर्षानुवर्षे अविश्वास साचला होता. १९९८ साली पालक, शिक्षकांची संघटना आणि शाळा मंडळ यांनी मिळून घरभेटींची प्रथा सुरू केली. तिचे नियम साधे आणि विचारपूर्वक केलेले आहेत. भेट दोन्हीकडून स्वेच्छेची असते आणि आधी वेळ ठरवूनच होते. शिक्षक दोघे मिळून जातात. त्यांना त्यासाठी आधी शिकविले जाते आणि या वेळेचा मोबदलाही दिला जातो. केवळ खोडकर किंवा मागे पडलेल्या मुलांच्या घरी जावयाचे नाही. तसे केले तर शिक्षक दारात दिसताच, आपल्या मुलाने काय केले, म्हणून घरात धडकी भरते. घर लहान असो, मोठे असो, शिक्षकांनी तेथे पाहुण्यासारखे बसावे. ज्यांची भाषा इंग्रजी नाही त्यांच्याकडे दुभाषा नेतात. शाळेने पालकांना समजेल अशा भाषेत बोलावे, असे कायद्यातही शक्य तेथवर म्हटलेले आहे.

२०१५ च्या कायद्यात आणखी एक लहानसा फरक आहे. पूर्वी त्यात ‘पालकांचा सहभाग’ असे शब्द होते. आता ‘पालक आणि कुटुंब’ असे आहेत. कोणाला आजी वाढवते, कोणाला मामा, कोणाची थोरली बहीण संध्याकाळी अभ्यास घेते. ही सारी माणसे त्या एका शब्दाने आत आली. या योजनेचा पैसाही आता वाढून वर्षाला अठराशे कोटी डॉलरांच्या पुढे गेला आहे. तरीही सामान्य वर्षी शाळांच्या एकूण खर्चात मध्यवर्ती सरकारचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपासच राहतो. उरलेला भार राज्ये आणि स्थानिक लोक उचलतात, आणि घरपट्टीचे ते जुने गणितही अनेक ठिकाणी अजून सुटावयाचे आहे.

सॅक्रामेंटोच्या शिक्षकांनी पहिल्या भेटीत गुणपत्रिका बरोबर न्यायची नसते. दार उघडल्यावर, बसल्यावर, इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्यांनी घरच्या माणसांना एकच गोष्ट विचारावयाची असते : तुमच्या मुलाविषयी तुमच्या मनात काय आशा आहेत? मग ऐकत बसायचे असते.